ड्रॅग रेसच्या गाडीची पुढची चाकं: किती हलकी करायची आणि कुठे थांबायचं

ड्रॅग रेसची गाडी पहिल्यांदा बघणाऱ्याला तिची पुढची चाकं दुसऱ्याच कुठल्या गाडीची काढून लावल्यासारखी वाटतात. मागे वीतभराहून रुंद, नक्षी नसलेले गुळगुळीत टायर आणि पुढे चार-पाच बोटं रुंदीची किडकिडीत चाकं. मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं: "वजन कमी होतं." उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. पुढचं चाक निवडताना वजनाचा नंबर लोक समजतात त्यापेक्षा बराच खाली लागतो, आणि वजन वाचवण्याची खरी जागाही बहुतेक जण शोधतात तिथे नसते. हे नीट समजून घेतलं तर पैसेही वाचतात आणि गाडीही सुरक्षित राहते.

आधी खेळाबद्दल थोडक्यात. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे १,३२० फूट (सुमारे ४०२ मीटर) पळतात. जी आधी पोचते ती जिंकते. अनेक ठिकाणी निम्म्या अंतराची, ६६० फुटांची शर्यत असते. टॉप फ्युएल आणि फनी कार या सर्वांत वेगवान वर्गांसाठी अमेरिकेत २००८ पासून अंतर १,००० फुटांवर आणलं आहे. खेळ मुळातला अमेरिकेचा. कॅलिफोर्नियात सँटा ॲना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर १९५० मध्ये रीतसर शर्यती सुरू झाल्या आणि पुढच्याच वर्षी वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. या संस्थेला सगळे एनएचआरए म्हणतात आणि चाकांचे बहुतेक नियम तिच्या पुस्तकातूनच येतात. आपल्याकडेही लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' भरली आणि अनेक मराठी तरुणांनी ड्रॅग रेस पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली ती तिथेच. तिथल्या गाड्यांचा मुद्दा वेगळा आहे, तो शेवटी घेतो. तोवर आपण मागच्या चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीबद्दलच बोलू, उदाहरणार्थ १९७९ ते १९९३ मधली फोर्ड मस्टँग. अमेरिकेतल्या ड्रॅग स्ट्रिपवर ही गाडी आजही पावलोपावली दिसते.

अशा गाडीत पुढचं चाक गाडीला ढकलत नाही. ते थोडंसं वळवतं, शेवटी ब्रेक लावायला मदत करतं, सुरुवातीला हवेत उचललं गेलं तर परत जमिनीवर आदळतं, आणि सुरुवातीच्या रेषेवर घड्याळ चालू करतं. ढकलायचं नसल्यामुळे त्याला रुंद टायरची गरज नाही. टायर अरुंद केला की वजन घटतं, लोळण्याचा विरोध कमी होतो आणि वाऱ्याला अडवणारं क्षेत्रफळही थोडं घटतं.

फिरत्या वजनाचा खरा हिशोब

गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "चाकातलं एक किलो म्हणजे गाडीतलं दहा किलो." कुणी चार सांगतं, कुणी आठ. हे आकडे चुकीचे आहेत आणि चूक कागद-पेन्सिलीने सहज दाखवता येते.

चाकाला दोन कामं असतात. एक, गाडीबरोबर पुढे जायचं. दोन, स्वतःभोवती फिरायचं. दोन्हींना ऊर्जा लागते. फिरण्याला किती ऊर्जा लागेल हे वजन किती यावर जसं ठरतं, तसंच ते वजन मध्यापासून किती दूर आहे यावरही ठरतं. सायकल उलटी उभी करून चाक हाताने फिरवून बघा. टायरला ओला चिखल थापलेला असेल तर चाक वेग घ्यायला कुरकुरतं, आणि तेवढाच चिखल मधल्या हबजवळ असेल तर जाणवतही नाही.

आता टोकाची स्थिती धरू: चाकाचं सगळंच्या सगळं वजन जमिनीला टेकणाऱ्या कडेवर आहे. अशा चाकाला फिरवायला लागणारी ऊर्जा त्याला पुढे न्यायला लागणाऱ्या ऊर्जेइतकीच भरते. म्हणजे १ किलो २ किलोसारखं वागतं. न घसरता लोळणाऱ्या चाकासाठी दुप्पट ही कमाल मर्यादा आहे. त्याच्या वर जाताच येत नाही, चाक लहान असो की मोठं. चारपट आणि दहापट हे आकडे बहुधा इंजिनाकडून उसने आले असावेत. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाला जोडलेली जड चकती, पहिल्या गिअरमध्ये रस्त्यावरच्या चाकाच्या कितीतरी पट वेगाने फिरतं, त्यामुळे त्याच्या वजनाचा परिणाम खरोखर अनेक पटींनी वाढतो. पुढच्या चाकाचा मात्र कुठल्याच गिअरशी संबंध नाही.

प्रत्यक्षात रिमचं वजन टायरच्या आत असतं. १५ इंची रिमची कड मध्यापासून साडेसात इंचांवर, तर २६ इंची टायरची कड १३ इंचांवर. शिवाय रिमच्या मधल्या भागाचं वजन अजून आत असतं. म्हणून रिममधलं १ किलो साधारण १.३ किलोसारखं वागतं. टायरचं बहुतेक वजन जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्यात आणि बाजूच्या भिंतींत असतं, म्हणून टायरमधलं १ किलो साधारण १.७ किलोसारखं.

एक उदाहरण सोडवू. समजा जुन्या चाकात रिम ९ किलोची आणि टायर १० किलोचा आहे. नव्या अरुंद चाकात रिम ५ किलोची आणि टायर साडेपाच किलोचा. एका बाजूला साडेआठ किलो वाचले, दोन्ही मिळून १७. त्यात रिमचे ८ किलो, टायरचे ९. फिरण्याचा जास्तीचा भाग मोजला तर रिमकडून २.४ आणि टायरकडून ६.३ किलोची भर पडते. एकूण परिणाम सुमारे २६ किलो कमी केल्यासारखा. ड्रॅग रेसवाल्यांचा जुना ठोकताळा असा की १०० पौंड, म्हणजे ४५ किलो, कमी केले की पाव मैलात दशांश सेकंद वाचतो. त्या हिशोबाने २६ किलोंचे झाले साधारण ०.०६ सेकंद. ज्या खेळात हजारांश सेकंदाने निकाल लागतात तिथे ही मोठी कमाई आहे.

पण ती आली कुठून तेही बघा. फिरण्यातून मिळालेल्या ८.७ किलोंपैकी सव्वासहा किलोंहून जास्त एकट्या टायरचे आहेत. लोक महागडी रिम घेताना दोनशे ग्रॅमसाठी दोन कंपन्यांचे तक्ते ताडून बघतात आणि मग त्यावर हाताला लागेल तो टायर चढवतात. माझं स्पष्ट मत आहे की काटा आधी टायरला लावावा. रिममध्ये अर्धा किलो जास्त असला तरी चालेल, पण टायर ड्रॅग रेससाठी बनवलेला, पातळ भिंतीचा, खास पुढच्या चाकाचा हवा. मिकी थॉम्प्सन, हूझियर, एम अँड एच यांच्याकडे असे टायर मिळतात.

वजन पुढून गेल्यामुळे गाडीचा तोल मागे सरकतो असंही सांगितलं जातं. सरकतो, पण किती? १,४०० किलोच्या गाडीत ५७ टक्के वजन पुढे असेल आणि पुढून १७ किलो काढले, तर पुढचा वाटा ५६.५ टक्के होतो. अर्धा टक्का. तेवढ्याने लाँच, म्हणजे गाडीची रेषेवरून सुटण्याची झेप, बदलत नाही. उलट ज्या गाडीचं नाक आधीच गरजेपेक्षा जास्त उचललं जातं तिचं नाक आणखी हलकं केलं तर ती हवेत वेळ घालवते. असे काही रेसर नाक खाली ठेवण्यासाठी पुढे मुद्दाम शिसं बांधतात. आपल्या गाडीची पुढची चाकं सुटताना किती उठतात याचा बाजूने काढलेला व्हिडिओ बघितल्याशिवाय हलक्या चाकांची ऑर्डर देऊ नये.

चाक हवेतून खाली येतं तेव्हा

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच आहे: हे चाक खाली आदळलं तर टिकेल का?

चांगली पकड मिळाली की गाडीचं नाक उचललं जातं आणि पुढची दोन्ही चाकं जमीन सोडतात. चाक ३० सेंटिमीटर उंचीवरून निव्वळ खाली पडलं असं धरलं तर ते जमिनीला ताशी सुमारे ९ किलोमीटर वेगाने भिडतं. ऐकायला कमी वाटतं, पण त्याच्यावर गाडीच्या पुढच्या भागाचं सात-आठशे किलो वजन असतं आणि ते झेलायला दोन अरुंद टायर असतात. मागची चाकं जोर लावतच असतात, त्यामुळे नाक सहसा थोडं सावकाश उतरतं. पण ड्रायव्हरने घाबरून पाय एकदम उचलला तर ते धाडकन येतं. रिमची कड वाकते ती तेव्हाच. कधी ती वाकलेली डोळ्यांना दिसत नाही, फक्त पुढच्या फेरीत स्टिअरिंग थरथरतं.

अजून एक गोष्ट त्या क्षणी घडते. चाक हवेत असताना त्याला फिरवणारा रस्ता नसतो. गाडीचा वेग वाढत राहतो, चाकाचा वाढत नाही. जमिनीला लागताच त्या चाकाला गाडीचा पूर्ण वेग एका झटक्यात पकडावा लागतो. विमान उतरताना दिसतो तसा निळसर धुराचा छोटा पुंजका पुढच्या टायरखालून निघतो, तो याचाच. टायरला बसणारा हा ओरखडा चाक जड असेल तर मोठा, हलकं असेल तर लहान. फिरतं वजन कमी असण्याचा हा फायदा कुणी फारसा सांगत नाही, पण सतत नाक उचलणाऱ्या गाडीला तो वेळेच्या फायद्याइतकाच उपयोगी आहे. टायर जास्त टिकतात.

म्हणून रिम कशाची आणि कशी बनवलेली हे बघणं आलं. पोलादाची घनता ७.८५, ॲल्युमिनियमची २.७०, मॅग्नेशियमची १.७४. आकडे बघून मॅग्नेशियम घ्यावंसं वाटतं आणि साठच्या दशकातल्या ड्रॅगस्टरवर (फक्त शर्यतीसाठी बनवलेल्या लांबुळक्या गाड्यांवर) ते भरपूर वापरलंही गेलं. १९५६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या अमेरिकन रेसिंगची बारा आऱ्यांची मॅग्नेशियम चाकं आज जुन्या गाड्यांचे शौकीन शोधत फिरतात. पण मॅग्नेशियम ओलाव्यात गंजतं आणि जुन्या चाकांत आतल्या आत तडे गेलेले असू शकतात. जुनी मॅग्नेशियम चाकं पळवायची असतील तर आधी तडा दाखवणाऱ्या लाल द्रवाची चाचणी करून घ्यावी: चाक स्वच्छ पुसून द्रव लावतात, तो तड्यात मुरतो, वरचा पुसून पांढरी भुकटी फवारली की तडा लाल रेघेसारखा उमटतो. ही चाचणी न केलेलं जुनं मॅग्नेशियमचं चाक शोभेला ठेवावं.

आजची बहुतेक चाकं ॲल्युमिनियमची असतात, पण ॲल्युमिनियममध्येही फरक आहे. ओतीव चाक स्वस्त पडतं. धक्का सोसण्याची त्याची क्षमता कमी असते, म्हणून त्याची जाडी वाढवावी लागते, आणि मर्यादा ओलांडली तर ते तडकतं. घडीव चाकात धातू प्रचंड दाबाखाली दाबलेला असतो. ते तेवढ्याच ताकदीला पातळ बनवता येतं आणि सहसा आधी वाकतं, एकदम फुटत नाही. ड्रॅग रेसमध्ये सर्रास दिसणारा तिसरा प्रकार म्हणजे घडीव किंवा ठोकळ्यातून कोरलेला मध्यभाग आणि त्याला वेल्डिंगने किंवा बोल्टने जोडलेली, पत्र्यातून घुमवून काढलेली रिम. १९६७ पासून चाकं बनवणाऱ्या कॅन्सस सिटीच्या वेल्ड रेसिंगचं ड्रॅगलाइट हे या जातीचं सगळ्यांच्या ओळखीचं चाक. घुमवलेली रिम हलकी असते आणि वाकली तर काही वेळा बदलूनही घेता येते.

चाकावर एसएफआयचं चिन्ह आहे का ते जरूर बघा. ही अमेरिकेतली संस्था रेसिंगच्या सामानाची मानकं ठरवते. तिचं १५.२ हे मानक ड्रॅग रेसच्या पुढच्या चाकांसाठी आहे. वेगवान वर्गात ते सक्तीचं असू शकतं, म्हणून आपल्या वर्गाचा नियम आधी वाचावा. सक्तीचं नसलं तरी दोन सारख्या वजनाच्या चाकांत निवड करायची तर चिन्ह असलेलं घ्यावं.

स्वतःच्या हाताने चाक हलकं करण्याचा मोह मात्र टाळावा. जुन्या काळी लोक रिमला ड्रिलने भोकं पाडायचे. तारांच्या चाकातल्या मधल्या मधल्या तारा काढून टाकायचे. एनएचआरएच्या नियमात आज स्पष्ट लिहिलं आहे की तारांच्या चाकात प्रत्येक भोकात तार असलीच पाहिजे, वजन वाचवायला तार गाळता येणार नाही. असे नियम कुणाच्या तरी अपघातानंतर येतात, ते मानावेत.

बसतं का, ते आधी बघा

कॅटलॉगमधलं सगळ्यात हलकं चाक आपल्या गाडीला बसेलच असं नाही. बहुतेक वेळा आडवा येतो तो ब्रेक. १५ इंची, साडेतीन इंच रुंद रिम ही हलक्या पुढच्या चाकाची प्रचलित मापं. जुन्या मस्टँगच्या मूळ ब्रेकवर ती बऱ्याचदा बसते. पण त्याच गाडीला कुणी नंतरच्या मॉडेलचे १३ इंची डिस्क आणि मोठे कॅलिपर (डिस्कला आवळणारे ब्रेकचे भाग) लावले असतील तर १५ इंची रिम कॅलिपरला घासेल, १७ इंची घ्यावी लागेल. नव्या मस्टँग, कमॅरो, चॅलेंजर यांच्यावर तर १७ किंवा १८ इंचांपासूनच सुरुवात. डॉजने २०१८ च्या चॅलेंजर डेमनबरोबर एक डॉलर जास्त घेऊन सामानाची जी पेटी दिली होती तिच्यात अरुंद पुढची चाकंही होती. कारखान्यातून निघालेल्या गाडीला हे सामान कंपनीनेच द्यावं हे तेव्हा नवलाचं होतं.

मोठी रिम घ्यावी लागली म्हणून हिरमुसू नये. टायरचा बाहेरचा व्यास तोच ठेवला तर मोठ्या रिमवर टायरची भिंत आखूड होते. रिमचं वजन थोडं वाढतं, टायरचं थोडं घटतं. ब्रेक चांगले असण्याची किंमत म्हणून तेवढा फरक मान्य करावा. ब्रेक काढून लहान बसवणं हा उलटा मार्गही लोक घेतात. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला तो अजिबात करू नये.

मग पीसीडी, म्हणजे स्टड (चाक ज्यांवर नटांनी आवळतात ते बोल्ट) ज्या वर्तुळात बसवलेत त्याचं माप. १९९३ पर्यंतच्या मस्टँगला साधारणपणे चार स्टड आणि १०८ मिलिमीटरचं वर्तुळ आहे, १९९४ पासून पाच स्टड आणि ११४.३ मिलिमीटर. अनेक जुन्या गाड्या पाच स्टडवर बदललेल्या असतात, म्हणून वर्ष बघून ऑर्डर न देता चाक खोलून मोजावं.

बॅकस्पेसिंगचं माप सगळ्यात जास्त गोंधळ घालतं. चाक पालथं घालून रिमच्या मागच्या कडेवर पट्टी आडवी ठेवा आणि तिथून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर मोजा. ते बॅकस्पेसिंग. आता रिमची रुंदी साडेतीन इंच म्हणतात ती आतून, टायर बसतो तिथली. दोन्ही बाजूंच्या कडा धरून तीच रिम सुमारे साडेचार इंच भरते. म्हणजे तिचा मध्य सव्वादोन इंचांवर. बॅकस्पेसिंग १.७५ इंच असेल तर चाकाचा मध्य हबच्या अर्धा इंच बाहेर आला. मूळ चाकाचा मध्य कुठे होता त्याच्या जितकं जवळ राहता येईल तितकं चांगलं. मध्य फार बाहेर गेला की चाक खड्ड्याला किंवा धावपट्टीच्या सांध्याला लागताच स्टिअरिंग हातातून ओढलं जातं आणि बेअरिंगवर वाकडा भार येतो. ताशी दोनशे किलोमीटरला असली ओढ कुणालाच नको.

ड्रॅगस्टरसाठी मिळणारी थेट स्पिंडलवर, म्हणजे चाकाच्या आसावर, बसणारी चाकं फार हलकी असतात, कारण हब आणि चाक एकच. पण त्यांच्यात ब्रेकला जागाच नसते. टॉप फ्युएल ड्रॅगस्टरला पुढे ब्रेक नसतात. तो मागच्या ब्रेकवर आणि दोन पॅराशूटवर थांबतो. दारं असलेल्या, पुढचे ब्रेक वापरणाऱ्या गाडीला ही चाकं लावायचा विचार सोडून द्यावा.

नटांकडेही लक्ष हवं. रेसिंग चाकाचा मध्यभाग बऱ्याचदा जाड असतो आणि मूळ स्टड आखूड पडतात. एनएचआरएचा नियम सोपा आहे: स्टडचा व्यास जितका, निदान तितक्या लांबीचे आटे नटात गुंतलेले पाहिजेत. अर्धा इंची स्टड असेल तर अर्धा इंच. टोपी नसलेले, आरपार उघडे नट वापरले की आटे किती आलेत ते बाहेरून दिसतं. चाकाच्या भोकाचा आकार आणि नटाचा आकार जुळला पाहिजे. सरळ भोकात सरळ दांड्याचा नट आणि वॉशर, निमुळत्या भोकात निमुळता नट. पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर टॉर्क पान्याने सगळे नट परत तपासा, कारण नवं ॲल्युमिनियम थोडं बसतं.

टायरची उंची आणि लाल दिवा

आता एक अशी गोष्ट जी वजनाच्या नादात सगळे विसरतात, आणि मला ती या सगळ्यात सर्वांत गमतीची वाटते.

सुरुवातीच्या रेषेवर जमिनीलगत दोन प्रकाशकिरण आडवे जातात. त्यांना तोडतो तो पुढचा टायर. पहिला किरण तुटला की गाडी जवळ आल्याचा दिवा लागतो, सात इंच पुढचा दुसरा तुटला की गाडी रेषेवर उभी आहे असं धरतात. मग झाडासारख्या खांबावरचे पिवळे दिवे लागून हिरवा लागतो. धावण्याच्या वेळेचं घड्याळ मात्र हिरव्या दिव्याबरोबर चालू होत नाही. टायर दुसऱ्या किरणातून पूर्ण बाहेर पडला की ते चालू होतं. म्हणजे टायर किरणात असतो तेवढं अंतर गाडीला घड्याळाविना पळायला मिळतं. याला रोलआउट म्हणतात.

किरण जमिनीपासून २ इंचांवर आहे असं समजू. त्या उंचीवर टायरची रुंदी किती, हा शाळेतला वर्तुळ-जीवेचा प्रश्न आहे. २४ इंची टायरला १३.३ इंच येते, २६ इंचीला १३.९, २८ इंचीला १४.४. टायर उंच केला की रोलआउट वाढतो. सुटताना गाडी गुरुत्वाकर्षणाइतक्या प्रवेगाने निघते असं धरलं तर २४ आणि २८ इंची टायरमध्ये किरण सोडायला सुमारे ०.०११ सेकंदाचा फरक पडतो.

याचा अर्थ असा. उंच टायरवर गाडीची प्रतिक्रियेची वेळ (हिरव्या दिव्यापासून किरण सोडेपर्यंतची) कागदावर सावकाश दिसते आणि धावण्याची वेळ जवळपास तेवढीच चांगली दिसते. लहान टायरवर उलट. दोन्हींची बेरीज जवळपास तीच राहते. पण हिरव्याआधी किरण सोडला तर लाल दिवा लागतो आणि शर्यत तिथेच संपते. ज्याला सतत लाल दिवा मिळतो त्याने पुढे थोडा उंच टायर लावला तर सवय न बदलता हजारांश सेकंद परत मिळतात. ज्याची गाडी आळसावून निघते त्याला लहान टायर मदत करेल. किरणात कमी-जास्त आत शिरून उभं राहिलं तरी हे साधता येतं, पण ते प्रत्येक वेळी नेमकं तेवढंच जमणं कठीण. टायरची उंची दर वेळी तीच असते.

ब्रॅकेट रेस खेळणाऱ्यांसाठी हा भाग वजनापेक्षा महत्त्वाचा आहे. त्या प्रकारात प्रत्येक जण आपली गाडी किती सेकंदांत धावेल ते आधी लिहून देतो आणि सावकाश गाडीला तेवढी आघाडी मिळते. लिहिलेल्या वेळेपेक्षा जोरात पळलात तरी हरता. तिथे ०.०६ सेकंद वाचवून हाती काही लागत नाही, दर फेरीला तेच आकडे यायला हवेत. अशा माणसाने महाग हलक्या रिमचे पैसे वाचवून चांगल्या टायरला आणि बेअरिंगला घालावेत.

लावल्यानंतर

हलकं चाक बॅलन्स केल्याशिवाय पळवू नये. २६ इंची टायर ताशी २४० किलोमीटरला मिनिटाला १,९०० हून जास्त फेरे घेतो. रिमच्या कडेला फक्त २० ग्रॅमचा असमतोल असला तरी त्या वेगाला तो जवळपास १६ किलोच्या ओढीइतका होतो, आणि ती ओढ प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलते. हवा टायरवर लिहिलेल्या मर्यादेत, पण कडक ठेवावी. मागच्या स्लिकमध्ये, म्हणजे गुळगुळीत टायरमध्ये, पकडीसाठी हवा जाणूनबुजून कमी ठेवतात, पुढे तसं कारण नाही. पुढे रेडियल (आतले धागे आडवे असलेला टायर) आणि मागे बायस-प्लाय (धागे तिरपे असलेला) असं मिश्रण टाळावं. टायर बनवणारेही तसंच सांगतात, कारण वरच्या वेगाला गाडी डुलू लागते.

आणि ब्रेक. अरुंद टायरची जमिनीवरची पकड थोडी असते, त्यामुळे शेवटच्या रेषेनंतर पूर्वीसारखा पाय दाबला तर पुढची चाकं आवळतात आणि गाडी वळवायचं बळच जातं. पहिल्या फेऱ्या अर्ध्या अंतरापर्यंत पळवून ब्रेकचा अंदाज घ्यावा, गरज पडली तर पुढचा दाब व्हॉल्व्हने कमी करावा. ताशी १५० मैल, म्हणजे २४१ किलोमीटर, गाठणाऱ्या गाडीला एनएचआरए पॅराशूट सक्तीचं करते, ते यासाठीच. खास रेसचे पुढचे टायर लावून पावसात रस्त्यावर फिरू नये. रस्त्यावर चालवायचीच असेल तर रस्त्यासाठी मान्यता असलेले अरुंद टायर मिळतात, ते थोडे जड असतात आणि तेवढं जड असणं योग्यच आहे.

आपल्याकडच्या गाड्यांबद्दल. धावपट्टीवर येणाऱ्या बऱ्याच हॅचबॅक आणि छोट्या सेडानमध्ये ताकद पुढच्या चाकांनाच जाते. त्यांच्यावर अमेरिकन फोटो बघून पुढे किडकिडीत चाकं लावणं म्हणजे पकड स्वतःच फेकून देणं. अशा गाडीला रुंद, मऊ टायर पुढे हवेत आणि हलकी अरुंद चाकं मागे. मागची चाकं हवेत उठत नाहीत, त्यामुळे तिथे हलकेपणावर थोडा जास्त भर दिला तरी चालतो. रिम विकत घेताना दुकानदाराच्या शब्दावर न जाता जुनी आणि नवी दोन्ही काट्यावर ठेवून बघा. कंपनीची लहान पोलादी रिम बाजारातल्या मोठ्या अलॉयपेक्षा हलकी भरल्याचं नेहमी दिसतं. आणि लक्षात ठेवा, किरण इथेही पुढचाच टायर तोडतो. पण हा टायर गाडीला ढकलतोही. त्याची उंची बदलली की रोलआउटबरोबर गिअरिंगही बदलतं: २३ इंचीवरून २४ इंचीवर गेलात तर प्रत्येक गिअर चार टक्क्यांहून जास्त लांबतो आणि गाडी सुटायला तेवढीच मंदावते. त्यामुळे अशा गाडीत आधी गिअरिंगला जुळणारी उंची ठरवावी आणि रोलआउट उभं राहण्याच्या जागेने जुळवून घ्यावा.